पापळ ते एडिंबरो

कारंजा लाड हे वऱ्हाडातील एक जुने व्यापारी गाव. गावाभोवती पूर्वी कोट होता. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस ही त्याच्या वेशींची नावे. कोणत्या वेशीतून कोणत्या मुलखाकडे वाट जाते, हे नावावरूनच समजे. गावात पुरातन जैन मंदिरे आहेत आणि त्यांच्या ग्रंथभांडारांत शतकांपूर्वीची हस्तलिखिते जतन केलेली आहेत. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणूनही ह्या गावाची ख्याती आहे. बाहेरगावचा यात्रेकरू येतो, देवदर्शन करतो, वेशीची कमान न्याहाळतो आणि दुसऱ्या दिवशी परत फिरतो. त्याने पाहिलेले कारंजा खोटे नव्हे. परंतु ते अर्धेच असते.

उरलेले अर्धे कारंजा कापसाच्या बाजारात दिसे. दिवाळी सरली की आसपासच्या खेड्यांतून कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रीघ लागे. शेतकरी आपल्या गाडीपाशी उभा राही. दलाल मूठभर कापूस उचलून त्याचा धागा ओढून पाही. मग हर्रास होई, भाव ठरे, वजन होई आणि वर्षभराच्या कष्टांचे मोल दोनचार घटकांत शेतकऱ्याच्या हाती पडे. त्यातून सावकाराचे देणे वजा केल्यावर जे उरे, त्यावर घर चालवावयाचे. ह्या व्यवहारात फसवणूक होऊ नये आणि गिरण्यांनाही चांगला कापूस रास्त भावाने मिळावा, म्हणून १८८६ साली कारंजाच्या बाजाराला सरकारी नियम लावण्यात आले. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या मालकीचा, पण इंग्रजांच्या कारभाराखालील मुलूख होता. त्यामुळे तो हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटकडून निघाला होता. अशा रीतीने नियमांखाली आलेली ही भारतातील पहिली बाजारपेठ होय. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंजावरून यवतमाळकडे लहान रुळांची आगगाडी धावू लागली. तिच्या डब्यांतून कापसाच्या गाठी मूर्तिजापुरास, तेथून मुंबईस आणि मुंबईहून सातासमुद्रापलीकडे जात.

ह्या गावी त्याच सुमारास पापळ नावाच्या खेड्यातील एक शेतकऱ्याचा मुलगा शिकण्यासाठी येऊन राहिला. तो यात्रेकरूही नव्हता आणि व्यापारीही नव्हता. त्याचे नाव पंजाबराव. पुढे सारा विदर्भ त्यांना भाऊसाहेब म्हणू लागला आणि स्वतंत्र भारताच्या सरकारात शेतीचे खाते त्यांच्याकडे आले. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. १९९८ साली वाशीम हा वेगळा जिल्हा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात आहे.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे झाला. वडिलांचे नाव शामराव व आईचे राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखीच्या वतनामुळे त्यांना देशमुख म्हणू लागले. नाव देशमुखांचे असले, तरी घर शेतीवरच चालत असे आणि शेती पावसावर. पापळात पुढील शिक्षणाची सोय नव्हती. म्हणून ह्या मुलाने काही काळ चांदूर रेल्वे येथे, नंतर कारंजा येथे आणि त्यानंतर अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात शिक्षण घेतले. लहान वयात घर सोडून, परगावी राहून शिकणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही. शाळेची फी भरली म्हणजे शिक्षण झाले, असे थोडेच असते? राहावयाचे कोठे, जेवावयाचे कोठे, रात्री दिव्याला तेल कोठून आणावयाचे, हे प्रश्न रोज सकाळी पुन्हा उभे राहतात. ह्या प्रश्नांपुढे हार खाऊन त्या काळी खेड्यांतील कितीतरी बुद्धिमान मुले चौथीनंतर नांगरामागे परत गेली.

१९१८ साली मॅट्रिक झाल्यावर पंजाबराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. पुणे ही विद्येची नगरी. परंतु त्यांचे मन तेवढ्यावर स्थिरावले नाही. पदवीची परीक्षा देण्यापूर्वीच, १९२० साली, त्यांनी उच्च शिक्षणासाठी विलायतेस जाण्याचा निश्चय केला. ह्या निश्चयाला पैसा हवा होता आणि पैसा तर घरात नव्हता. शामरावांपाशी एकच धन होते, ते म्हणजे जमीन. ती गहाण पडली. शेतकऱ्याने जमीन गहाण टाकणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातील प्रत्येक घर जाणून होते. व्याज दिवसरात्र वाढत असते. पाऊस मात्र आपल्या लहरीने येतो. त्यातच पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरून कापसाचे भाव कोसळले. मुलगा आगबोटीत बसला तेव्हा त्याच्या मागे केवळ आईबापांचे आशीर्वाद नव्हते, सावकाराचा कागदही होता.

त्या काळी मुंबईहून निघालेली आगबोट एडन, सुएझचा कालवा आणि भूमध्य समुद्र असा प्रवास करीत सुमारे तीन आठवड्यांनी विलायतेस पोहोचे. पंजाबरावांनी शिक्षणासाठी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हे शहर निवडले. तेथील विद्यापीठ १५८३ साली स्थापन झालेले आहे.

एडिंबरोएवढे देखणे शहर युरोपात विरळाच. शहराच्या मधोमध काळ्या खडकाचा प्रचंड सुळका उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर किल्ला आहे. किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या सरळ रस्त्याला राजमार्ग असेच म्हणतात. समोर प्रिन्सेस स्ट्रीट हा भव्य रस्ता. त्याच्या एका बाजूला दिमाखदार दुकाने आणि दुसऱ्या बाजूला बागा. बागेच्या कडेला कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट ह्यांचे सुमारे ६१ मीटर उंचीचे स्मारक आहे. पायऱ्या मोजीत त्यावर चढण्याची प्रवाशांना मोठी हौस असते. शहराला लागूनच आर्थर्स सीट नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून शहर, समुद्र आणि दूरचा फोर्थचा पूल एका दृष्टिक्षेपात दिसतो. रविवार वगळता बहुधा रोज दुपारी बरोबर एक वाजता किल्ल्यावरून तोफ डागली जाते. १८६१ साली सुरू झालेला हा परिपाठ आजही चालू आहे. १९४७ सालापासून तेथे दर वर्षी ऑगस्ट महिन्यात कलांचा महोत्सव भरू लागला आणि जगभरच्या प्रवाशांनी ते शहर त्या दिवसांत अगदी फुलून जाऊ लागले. तथापि त्यापूर्वीही उन्हाळ्यात तेथे पाहुण्यांची वर्दळ असेच.

परंतु पाहुणे येतात ते उन्हाळ्यात आणि विद्यापीठ उघडते ऑक्टोबरात! शहराचा देखणा ऋतू संपत आला म्हणजे विद्यार्थ्याचे वर्ष सुरू होते. डिसेंबर महिन्यात तेथे सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आतच मावळतो. समुद्रावरून धुके चालून येते. त्या काळी घरोघर दगडी कोळसा जळत असे. त्याच्या धुराने दगडी इमारती काळवंडून गेल्या होत्या आणि त्या धुरावरून लोकांनी आपल्या शहराला एक थट्टेचे नावही दिले होते. वऱ्हाडच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तो अंधार आणि ती ओल सोसणे सोपे नव्हे. तोफेचा आवाज ऐकून नवखा प्रवासी दचके. गावकरी मात्र न दचकता खिशातले घड्याळ काढून वेळ लावून घेई. परगावी राहणाऱ्या माणसाने तोफ ऐकून दचकणे सोडले की, तो पाहुणा राहिला नाही असे समजावे.

बहुतेक विद्यार्थी दगडी चाळींसारख्या उंच घरांतून भाड्याने खोली घेऊन राहत. प्रवाशांच्या मार्गदर्शिकेत राजवाड्याचे वर्णन चार पाने असते आणि घरमालकिणीचे एक ओळही नसते. विद्यार्थ्याच्या लेखी मात्र तीच अधिक महत्त्वाची! कोळसा किती जाळावयाचा, रात्री दिवा किती वेळ ठेवावयाचा, आंघोळीला गरम पाणी केव्हा मिळावयाचे, हे तीच ठरवी. सकाळी ताटात येई ती ओट नावाच्या धान्याची लापशी. स्कॉटलंडच्या थंड आणि हलक्या जमिनीत गव्हापेक्षा ओटच बरा पिके. म्हणून गरिबांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या त्यावर भरत आले. वऱ्हाडात ज्वारीच्या कण्यांचे जे स्थान, तेच तेथे ह्या लापशीचे.

ह्या ओटाशी तेथील विद्यापीठांचा एक जुना संबंध जडलेला आहे. तो मोठा मनोरंजक आहे. स्कॉटलंडातील खेड्यांतून शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले विद्यापीठात येत, तेव्हा खांद्यावर ओटाच्या पिठाचे पोते घेऊन येत. ते पीठ हेच त्यांचे अन्न. वर्षाच्या मध्यावर पोते रिकामे होई. मग घरी जाऊन ते पुन्हा भरून आणता यावे, म्हणून फेब्रुवारी महिन्यातील एका सोमवारी विद्यापीठ सुट्टी देत असे. त्या सुट्टीचे नावच मुळी पिठाचा सोमवार! पोते वाहून आणण्याची चाल काळाच्या ओघात मागे पडली. पण सुट्टीचे नाव पुढेही कित्येक वर्षे टिकून राहिले. शेतकऱ्याच्या मुलाच्या पोटाची काळजी विद्यापीठाने आपल्या पंचांगातच लिहून ठेवावी, ही गोष्ट किल्ल्याहून लहान आहे असे कोण म्हणेल? त्या देशात १६९६ सालीच प्रत्येक धर्मग्रामात शाळा असावी असा कायदा झाला होता आणि १८७२ साली मुलामुलींचे शिक्षण सक्तीचे झाले होते. पुढे इंग्रज साम्राज्यात दूरदूरच्या देशांत डॉक्टर, इंजिनियर आणि अधिकारी म्हणून जे असंख्य स्कॉच लोक दिसत, त्यांतील पुष्कळांची सुरुवात अशा खेड्यांतील शाळांतूनच झालेली होती.

तथापि त्या देशात सारे काही सुखाचे होते, असे मात्र नव्हे. पंजाबराव तेथे गेल्यानंतरच्याच वर्षी, १९२१ साली, कोळशाच्या खाणींचे काम तीन महिने बंद पडले. त्या वर्षी ब्रिटनमधील बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली. महायुद्धातून परत आलेले जवानही त्यांत होते. ज्या राजमार्गावरून प्रवासी राजवाडा पाहण्यास जात, त्याच्याच दोन्ही अंगांच्या अरुंद बोळांतून, एका-दोन खोल्यांच्या अंधाऱ्या बिऱ्हाडांत, गरिबांची कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. साम्राज्याच्या ऐश्वर्याच्या कथा हिंदुस्थानात ऐकलेल्या तरुणाला हा अनुभव नवा असे. राज्य करणाऱ्यांच्या देशातही उपाशी माणूस असतो, हे प्रवाशाच्या चार दिवसांच्या फेरीत कळत नाही. त्यासाठी एक हिवाळा तेथे काढावा लागतो.

पंजाबरावांनी विषय घेतला तो संस्कृत. विलायतेस जाऊन संस्कृत शिकावयाचे, हे ऐकून आज कोणाला नवल वाटेल. परंतु एडिंबरो विद्यापीठात संस्कृतच्या अध्यापनाची परंपरा १८६२ सालापासूनची होती आणि आर्थर बेरिडेल कीथ हे जगप्रसिद्ध पंडित त्या काळी तेथे संस्कृतचे प्राध्यापक होते. ह्या निवडीला आणखीही एक अर्थ होता. वेदोक्त मंत्रांचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही, ह्या प्रश्नावरून महाराष्ट्रात मोठा वाद माजला होता. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनाही त्याची झळ लागली होती. अशा काळात पापळच्या शेतकऱ्याच्या ह्या मुलाने वेदच अभ्यासासाठी हाती घेतले. त्यांनी एडिंबरोची एम्. ए. ही पदवी सन्मानपूर्वक मिळविली. संस्कृतच्या अभ्यासासाठी त्यांना तेथील व्हान्स डनलॉप शिष्यवृत्तीही मिळाली. घरून येणारा पैसा किती कष्टाचा आहे, हे ज्याला ठाऊक असते, त्याला शिष्यवृत्तीचे मोल अधिक समजते.

त्यानंतर त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास ह्या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी संपादन केली. हा प्रबंध पुढे १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच मुक्कामात ते बॅरिस्टरही झाले. बॅरिस्टरीची एक अट मोठी चमत्कारिक असे. परीक्षा देणे पुरेसे नव्हते. लंडनच्या ज्या कायदेसंस्थेत नाव नोंदविले असेल, तिच्या भोजनगृहात ठरावीक संख्येने जेवणेही आवश्यक असे. मोठ्या लोकांच्या पंगतीत बसून तेथील रीतिरिवाज अंगवळणी पडावेत, हा त्यामागील हेतू. एका बाजूला घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातील लापशी आणि दुसऱ्या बाजूला कायदेपंडितांच्या दालनातील मेजवानी, अशी दोन टोके त्या काळच्या हिंदी विद्यार्थ्याला सांभाळावी लागत.

पंजाबराव विलायतेत असतानाच, १९२४ साली, लंडनजवळ वेंब्ली येथे साम्राज्याचे एक प्रचंड प्रदर्शन भरले. ते दुसऱ्या वर्षीही चालू राहिले आणि दोन वर्षांत कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. त्यात हिंदुस्थानचाही मंडप होता. ताजमहाल आणि जामा मशीद ह्यांच्या धर्तीवर तो बांधला होता. घुमट, मनोरे, गालिचे, हस्तिदंती वस्तू ह्यांनी तो झगमगत होता. लंडनचा नागरिक तो पाहून आपण हिंदुस्थान पाहिला अशा समाधानाने घरी जाई. कारंजाच्या बाजारात गाडीपाशी उभा असलेला शेतकरी त्या घुमटाखाली त्याला कोठून दिसणार?

एडिंबरोतील हिंदी विद्यार्थ्यांनी १८८३ सालीच आपली एक संघटना स्थापन केली होती. घरापासून हजारो कोस दूर असलेल्या मुलांना तेथे आपल्या भाषेतील दोन शब्द ऐकावयास मिळत, वादविवाद होत, नव्या विद्यार्थ्याला खोली शोधून देण्यासारखी साधी मदतही मिळे. ह्या संघटनेला १९२७ साली एका कडू प्रसंगाला तोंड द्यावे लागले. शहरातील काही उपाहारगृहांनी आणि नृत्यगृहांनी हिंदी आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना केवळ कातडीच्या रंगावरून प्रवेश नाकारला. विद्यार्थ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठविला आणि ते प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. ज्या रस्त्यांच्या सौंदर्याची कीर्ती जगभर, त्याच रस्त्यांवरील काही दारे अशी बंद झाली.

पंजाबराव त्यापूर्वीच, १९२६ साली, स्वदेशी परतले होते. परंतु १९२७ हेच साल त्यांच्याही आयुष्यात महत्त्वाचे ठरले. कारण त्यांच्यासमोर एक बंद दार अमरावतीतच उभे होते. तेथील अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या लोकांना प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून पंजाबरावांनी त्या वर्षी चळवळ हाती घेतली. त्या निमित्ताने अमरावतीस नोव्हेंबर महिन्यात परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. आंबेडकरांनीही न्यूयॉर्क आणि लंडन येथे विद्यार्थिदशेत अशीच वर्षे काटकसरीत काढली होती. रंगावरून दार लावणारा परका असतो आणि जातीवरून दार लावणारा आपला शेजारी असतो. परक्याचा राग लवकर येतो. शेजाऱ्याला अडविण्यास अधिक धैर्य लागते. पंजाबरावांना आप्तेष्टांचा आणि प्रतिष्ठितांचा रोष पत्करावा लागला. त्याच महिन्यात त्यांनी जातीचे बंधन न मानता विमल वैद्य ह्यांच्याशी विवाह केला. विमलाबाईंनी पुढे कायद्याची पदवी घेतली आणि कालांतराने त्या राज्यसभेच्या सभासदही झाल्या.

डॉक्टर आणि बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाला वकिलीत पैसा मिळविणे कठीण नव्हते. डोक्यावर कर्ज होते. पैशाची गरजही होती. त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली खरी, परंतु त्यांचा जीव दुसरीकडेच गुंतला होता. खेड्यांतून शिकण्यासाठी येणाऱ्या मुलांकरिता त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. ज्या काळात पाण्याचा माठही जातवार वेगळा असे, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. मोठी इमारत, मोठे नाव किंवा मोठा समारंभ ह्यांनी त्या कामाचा आरंभ झाला नाही. मुलाला अंथरूण टाकण्यास जागा आणि दोन वेळा भाकरी, एवढीच त्याची मांडणी होती. कारंजात आणि अमरावतीत त्यांनी स्वतः ज्या प्रश्नांना तोंड दिले होते, तेच हे प्रश्न.

१९२८ साली ते अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या केल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शिक्षणावर भर दिला. १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात ते मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. शेतकऱ्यांच्या कर्जाचा निवाडा लवादामार्फत व्हावा, ह्यासाठी त्या प्रांतात १९३३ साली जो कायदा झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. सावकाराचा कागद काय असतो, हे त्यांना घरच्या अनुभवानेच शिकविले होते. १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. तिच्या शाळा आणि महाविद्यालये हळूहळू विदर्भभर पसरली. जेथे गाडीवाट संपते, अशा गावांतही ह्या संस्थेची शाळा निघाली आणि ज्या घरांत पूर्वी कोणी अक्षर गिरविले नव्हते, त्या घरांतील मुलेमुली पाटी-दप्तर घेऊन बाहेर पडली.

देश स्वतंत्र होण्याच्या काळात पंजाबराव घटना समितीचे सभासद होते. खेड्यांतील आणि मागासलेल्या लोकांना राज्यकारभारात त्यांचा वाटा मिळावा, ह्याचा आग्रह त्यांनी तेथे धरला. १९५२ साली ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले आणि केंद्र सरकारात त्यांच्याकडे शेतीचे काम आले. ते त्यांनी १९६२ पर्यंत पाहिले. अन्नधान्याची टंचाई तेव्हा देशाला भेडसावीत होती. भाताची जपानी पद्धतीने लागवड करून उत्पन्न वाढविण्याची मोहीम १९५३ साली देशभर सुरू झाली. तिच्या प्रसारासाठी त्यांनी अविश्रांत खटपट केली. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज ही शेतकऱ्यांची संस्था स्थापन केली.

ह्या संस्थेच्या वतीने ११ डिसेंबर १९५९ रोजी दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन सुरू झाले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हे उद्घाटनास उपस्थित होते. अनेक देशांनी तेथे आपापले मंडप उभारले. वेंब्लीच्या प्रदर्शनाला तेव्हा पस्तीस वर्षे होऊन गेली होती. तेथे हिंदुस्थानचे दर्शन घुमटांतून आणि गालिच्यांतून घडविले होते. येथे मांडली होती बियाणे, खते, अवजारे, दुभती जनावरे आणि पाणी उपसण्याची यंत्रे. प्रदर्शन जवळजवळ तीन महिने चालले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून शेतकरी ते पाहण्यासाठी राजधानीस आले. त्यांतील पुष्कळांनी आगगाडीचा एवढा लांबचा प्रवास प्रथमच केला होता. दिल्लीचा लाल किल्ला आणि कुतुबमिनार त्यांनी अर्थातच पाहिला. तो कोण सोडतो? परंतु नांगराचा नवा फाळ ते हाताने चाचपून पाहत आणि पंपाचा भाव विचारून घेत, तेव्हा त्यांना घाई नसे.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे पंजाबरावांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १९६९ साली, अकोल्यास विदर्भासाठी कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला त्यांचे नाव देण्यात आले. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड अशा गावांकडील शेतकऱ्यांची मुले तेथे शिकण्यासाठी जातात आणि शिक्षण पुरे होईपर्यंत वसतिगृहात राहतात.